रेसच्या घोड्यांबद्दल मराठवाड्यातून येणारे प्रश्न

आम्ही परभणी-नांदेड पट्ट्यातले सात-आठ जण. कुणी मोंढ्यात हिशेब लिहितो, कुणी शाळेत शिकवतो, एक जण जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालाय. घोड्याचा नाद सगळ्यांना, पैजेचा फार थोड्यांना. गेली काही वर्षं ओळखीचे-अनोळखी लोक फोनवर तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. माहिती आहे तिथं माहिती दिली आहे, मत आहे तिथं ते मत असल्याचं सांगितलं आहे. मतं आमच्यातही एक नाहीत.

१. थरोब्रेड म्हणजे नेमका कोणता घोडा? वरातीत नाचतो तो पांढरा घोडा थरोब्रेड असतो का?

नाही. वरातीतला गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र घोडा बहुतेक वेळा नुकरा असतो, नाहीतर मारवाडी किंवा काठेवाडी रक्ताचा. थरोब्रेड ही इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात फक्त पळण्यासाठी घडवलेली जात. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन घोडे तिचे मूळपुरुष. जगातल्या कुठल्याही थरोब्रेडच्या बापाचा बाप शोधत गेलात, तर शेवटी या तिघांपैकी एकाच्या दारात पोचता.

जात ठरते ती रंगावरून नाही, नोंदीवरून. आई-बाप दोघांचं नाव वंशावळीच्या वहीत हवं. आपल्याकडं गाईला सिमेन भरायला डॉक्टर मोटारसायकलवर गोठ्यात येतो. थरोब्रेडला ते चालत नाही. घोडी नराकडंच न्यावी लागते, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. आणखी एक गंमत म्हणजे शिंगरू जानेवारीत जन्मो की एप्रिलमध्ये, आपल्याकडं सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारी. शाळेत घालताना सगळ्या पोरांची जन्मतारीख १ जून लिहिणारे गुरुजी आठवतात.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुणी उंच, सडपातळ, कुमैत घोडा दाखवून ‘थरोब्रेड आहे’ म्हणालं, तर त्याचा पासपोर्ट आणि मानेतली मायक्रोचिप मागा. दोन्ही नसतील तर तो चांगला घोडा असेलही, पण किंमत त्या नावाची देऊ नका.

२. निजामाच्या काळात आपल्याकडं घोडेच घोडे होते म्हणतात. मग मराठवाड्यात एकही रेसकोर्स का नाही?

घोडे होते, पण ते लष्कराचे. मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, हिंगोली आणि औरंगाबाद या छावण्यांत घोडदळ असायचं. शर्यतीचा शौक मात्र राजधानीत. सहाव्या निजामानं, मीर महबूब अली खान यांनी, १८८६ मध्ये हैदराबादच्या मलकपेठेत रेस नेली आणि ती आजही तिथंच होते. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्या संस्थानात होता, त्यामुळं नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या जुन्या शौकिनांच्या तोंडी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या आधी मलकपेठ येतं.

आज नवा रेसकोर्स काढणं इथं अवघडच. मोठी गोल धाव, शेकडो घोड्यांचे तबेले, रोजचं पाणी, चोवीस तास पशुवैद्य आणि आठवड्याला दोनदा तिकीट काढून येणारी गर्दी, एवढं सगळं लागतं. लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे विसरून चालणार नाही.

३. रेस कधी आणि कुठं असते?

पुण्यात पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर. मुंबईत महालक्ष्मीला नोव्हेंबर ते एप्रिल. घोडे आणि माणसं तीच, फक्त बिऱ्हाड हलतं. हैदराबादला पावसाळी आणि हिवाळी असे दोन हंगाम, आणि डेक्कन डर्बी गांधी जयंतीच्या सुमारास. सगळ्यात मोठी ती इंडियन डर्बी, महालक्ष्मीला फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, २४०० मीटर, चार वर्षांच्या घोड्यांसाठी. ती १९४३ मध्ये सुरू झाली आणि पहिलीच डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं मारली.

४. आमच्या शहरात एक जण फोनवर रेसचे पैसे घेतो. त्याच्याकडं लावले तर काय बिघडतं?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली कायद्याची. महाराष्ट्रात घोड्यावर पैज चालते ती परवाना असलेल्या रेसकोर्सच्या आवारात, रेस क्लबच्या टोटवर (सगळ्यांच्या पैजा एकत्र जमा करून, क्लबचा वाटा काढून उरलेला पैसा जिंकणाऱ्यांत वाटतात ती खिडकी) किंवा परवानाधारक बुकीकडं. तुमच्या चौकातल्या पानटपरीमागचा माणूस या कशातच बसत नाही. तिथं लावलेली पैज साधा जुगार, आणि पोलीस आले तर दोघांनाही नेतात.

दुसरी गोष्ट पैशाची. टोटच्या खिडकीवर खिशात असतील तेवढेच पैसे लागतात. फोनवरचा माणूस उधारी देतो, आणि खरा घात त्या उधारीत आहे. आमच्यातल्या एकाच्या चुलतभावानं सोयाबीनची पट्टी यायच्या आधीच ती तीन रविवारांत हरवली होती. वसुलीला चार माणसं थेट आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर आली. त्यानं एकही रेस डोळ्यानं पाहिली नव्हती. घोड्याचं नाव फोनवर ऐकायचं, भाव ऐकायचा, निकाल ऐकायचा, एवढीच त्याची रेस. आम्ही याला रेसचा शौक म्हणत नाही.

५. पण सुप्रीम कोर्टानंच रेस हा जुगार नाही म्हटलंय ना?

हो. १९९६ मध्ये, के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात. घोड्याची वंशावळ, तयारी, त्याच्यावरचं वजन, जॉकीचं म्हणजे स्वाराचं कसब हे सगळं पाहून अंदाज बांधता येतो, म्हणून रेस हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं कोर्टानं ठरवलं. पण त्यामुळं कुणालाही कुठंही पैज घेण्याची मोकळीक मिळत नाही. परवान्याचं काय ते प्रश्न ४ मध्ये आहेच. आणि ज्यानं घोडा, वजन, धाव यातलं काहीच पाहिलं नाही, त्याच्यापुरता तो नशिबाचाच खेळ असतो, हे आमचं मत.

६. रेसवाले कराच्या नावानं एवढी बोंब का मारतात? दारू-सिगारेटवर कर असतो तसाच हाही.

बोंब कराच्या टक्क्याइतकीच, किंबहुना जास्त, कर कशावर लागतो यावर आहे.

मोंढ्यातलं उदाहरण घ्या. शेतकऱ्यानं एक लाखाचा माल विकला, आडत्याला त्यात दोन-तीन हजार आडत मिळाली. सरकारनं सेवेचा कर घ्यायचा तर आडतीवर घ्यावा की पूर्ण लाखाच्या पट्टीवर? रेस क्लबांचं म्हणणं असं की टोटवर जमा होणारा पैसा आमचा नाही, जिंकणाऱ्यांना परत वाटायचा आहे. आमची फक्त आडत, त्यावर कर घ्या. जीएसटी आल्यावर मात्र २८ टक्के लागले ते लावलेल्या पूर्ण रकमेवर. २०२१ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं क्लबांच्या बाजूनं निकाल दिला. त्यानंतर कायद्यातच दुरुस्ती होऊन १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवरचा कर पक्का झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे शंभराच्या पैजेवर घोडा पळायच्या आधीच चाळीस रुपयांचा कर. जिंकलात आणि रक्कम दहा हजारांच्या वर गेली, तर त्यावर तीस टक्के प्राप्तिकर जागेवरच कापतात, तो निराळा.

याचा परिणाम सांगायला अर्थतज्ज्ञ नको. प्रश्न ४ मधला फोनवाला कर लावत नाही, म्हणून गिऱ्हाईक तिकडं सरकतं. टोटची उलाढाल घटली की क्लबची आडत घटते. त्या आडतीतूनच बक्षिसांच्या रकमा निघतात. बक्षीस घटलं की मालक दुसरा घोडा घेत नाही, स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास होते तिथं, शिंगरांना गिऱ्हाईक मिळत नाही, आणि सगळ्यात शेवटी दोन-तीन घोड्यांचा खरारा करून घर चालवणाऱ्या सईसाची नोकरी जाते. त्याच्या पोटावर आलेल्या पायाची बातमी कुठं येत नाही.

आमच्यात एक जण मात्र कराच्या बाजूचा आहे. तो म्हणतो, ‘खतावर, ट्रॅक्टरच्या पार्टवर माझ्या बापानं कर भरला, श्रीमंतांच्या घोड्याला सवलत कशाला?’ त्याचं उत्तर आम्हाला नीट देता आलेलं नाही. पण कर गोळा होण्याऐवजी धंदाच अंधारात गेला तर सरकारच्या हाती काय लागणार, यावर तोही गप्प बसतो.

७. महालक्ष्मीचा रेसकोर्स बंद होऊन तिथं बाग होणार, हे खरं का?

अर्धं खरं. तिथं १८८३ पासून रेस होते. जमिनीचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि पुढं दहा-अकरा वर्षं लोंबकळत राहिला. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला: २११ एकरांपैकी १२० एकर मुंबई महापालिकेकडं उद्यानासाठी, ९१ एकर क्लबकडं २०५३ पर्यंत. धावपट्टी क्लबकडं राहते, त्यामुळं रेस चालू राहणार.

काही जुन्या शौकिनांना यात शेवटाची सुरुवात दिसते. आम्हाला उलट वाटतं. भाडेपट्टा नसताना तबेल्याची कौलं बदलायलाही कुणी धजत नव्हतं. चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सला सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं टाळं लावलं, त्याच्याशी तुलना केली तर मुंबईचं बरं चाललंय म्हणायचं. पुण्याचा रेसकोर्स लष्कराच्या जमिनीवर आहे, तिथली गणितं वेगळी.

८. सगळ्या रेसा आधीच ठरलेल्या असतात म्हणे. खरं सांगा.

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. आमचं उत्तर: सगळ्या नाहीत, काहींवर संशय घ्यायला जागा असते, आणि त्यामागं कारणही आहे.

बहुतेक रेसा हँडिकॅप असतात. घोड्याला रेटिंग असतं. जिंकला की रेटिंग चढतं आणि पुढच्या वेळी पाठीवर जास्त वजन येतं. हरत राहिला की वजन उतरतं. म्हणजे लबाडाला आज जोर न लावता पुढच्या महिन्यात हलक्या वजनानं मारायचा मोह होणारच. याला आळा घालायला स्ट्युअर्ड म्हणजे रेसचे पंच असतात, चित्रीकरण तपासतात, जॉकीला बोलावून जाब विचारतात, निलंबितही करतात. जिंकलेल्या घोड्याचे लघवी-रक्ताचे नमुने उत्तेजकांसाठी तपासले जातात.

आमची तक्रार वेगळी आहे. चौकशी होते, पण तिचं कारण साध्या भाषेत पंटरापर्यंत, म्हणजे पैज लावणाऱ्यापर्यंत पोचत नाही. मागच्या खेपेला शेवटून दुसरा आलेला घोडा आज सहज कसा जिंकला, याचं चार ओळींचं स्पष्टीकरण त्याच संध्याकाळी मराठीत, हिंदीत मिळालं तर निम्म्या अफवा बसतील. हरलेला माणूस रेस फिक्स होती म्हणतो आणि जिंकलेला आपली अक्कल सांगतो, हेही आम्ही वीस वर्षं पाहतोय.

९. माझा घोडा पहिला आला, सगळ्यांनी पाहिलं, तरी पैसे दिले नाहीत. असं कसं?

रेषा ओलांडली म्हणजे निकाल लागला असं नाही. आधी जॉकीचं वजन पुन्हा होतं. त्यात कमी भरलं तर घोडा बाद. दुसऱ्याच्या आडवा गेल्याची हरकत आली तर स्ट्युअर्ड चित्रीकरण बघून क्रम बदलू शकतात. अधिकृत निकाल जाहीर झाल्याशिवाय तिकीट फाडू नका, हरलेलंही. आमच्यातल्या एकानं मलकपेठेत फाडलेले तुकडे अर्धा तास जमिनीवरून वेचलेत.

दोन घोडे बरोबरीत आले तर डिव्हिडंड, म्हणजे टोटवर जिंकल्याचे पैसे, विभागून मिळतो, म्हणून अपेक्षेपेक्षा कमी हाती येतं. आणि घोडा पळायच्या आधीच मागं घेतला असेल तर टोटवरचे विन-प्लेसचे (घोडा पहिला येईल किंवा पहिल्या काहींत येईल यावर लावलेले) पैसे परत मिळतात. जॅकपॉटसारख्या अनेक रेसांच्या पैजेचे नियम वेगळे, ते त्या दिवशीच्या रेसबुकात वाचा.

१०. पाय मोडला की घोड्याला मारून का टाकतात? प्लास्टर घालता येत नाही का?

बैलाचा पाय कधी कधी जुळतो, मग घोड्याचा का नाही, असं विचारलं जातं. घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा, आणि गुडघ्याखाली मांस जवळजवळ नाही. नुसतं हाड, स्नायूंच्या दोऱ्या आणि कातडी. जोरात पळताना हाड मोडतं तेव्हा बहुधा चुरा होतो आणि रक्तपुरवठाही तुटतो. घोडा आठवडेच्या आठवडे पडून राहू शकत नाही, त्याची आतडी आणि फुप्फुसं बिघडतात. तीन पायांवर उभा केला तर चांगल्या पायांच्या खुरांना सूज येऊन तेही निकामी होतात. साध्या फ्रॅक्चरवर हल्ली शस्त्रक्रिया होते, काही घोडे वाचतातही. बाकीच्यांना इंजेक्शन देणं हीच दया असते.

तरीही ‘अपघात होणारच’ म्हणून हात झटकणारे शौकीन आम्हाला पटत नाहीत. कडक धाव, दुखणं दाबून पळवणं, लागोपाठच्या रेसा यातले बरेच अपघात टाळण्यासारखे असतात.

११. शंकरपटाला तुम्ही परंपरा म्हणता आणि रेसला शौक. हा दुजाभाव नाही का?

आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. शंकरपटावर २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या काळात रेसकोर्स मात्र चालू होते. म्हणून पटवाले विचारायचे, ‘श्रीमंताचा घोडा चालतो, गरिबाचा बैल का चालत नाही?’ त्यांचं चुकत नव्हतं.

फरक एवढाच सांगू. पटाच्या बैलाला पराणी टोचायला नियमानं मनाई आहे, पण बघणारं कुणी असतंच असं नाही. रेसच्या जॉकीनं चाबूक किती वेळा उचलला ते कॅमेऱ्यात मोजलं जातं. उलट पटाचा बैल संध्याकाळी त्याच घरी येतो, म्हातारा झाला तरी बहुतेकदा दावणीलाच असतो. रेसचा घोडा म्हातारा व्हायच्या आधीच मालक बदलतो. पुढचा प्रश्न त्याचाच.

१२. रेसमधून काढलेला घोडा पुण्याहून स्वस्तात मिळतोय. आखाड्यावर बांधावा का?

आधी नाही म्हणतो, मग कारणं देतो.

असा घोडा पाच-सहा वर्षांचा असतो, दिसायला राजबिंडा आणि खरंच स्वस्त. पण तो सकाळी मऊ धावेवर रपेट, मापून दिलेला ओट आणि उरलेला दिवस तबेल्यात, अशा वेळापत्रकात वाढलेला असतो. आपल्या चिखलाळ काळ्या रानात त्याची पातळ टाच बिघडते, आणि त्याला नीट नाल मारणारा माणूस तालुक्यात सापडत नाही.

चाऱ्याचं नीट ऐका, इथंच घोडे मरतात. गाईला चालतं ते घोड्याला चालतं असं समजू नका. हिरवी ज्वारी घोड्याला देऊ नये, तिनं लघवीचे आणि मागच्या पायांचे विकार होतात. कोवळ्या पोंग्यात तर विषच असतं. नुसत्या वाळल्या कडब्यावर ठेवला आणि पाणी कमी पडलं, तर आतड्यात गोळा अडकून पोटशूळ होतो. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून साधं पोटदुखणंही जिवावर बेततं. बुरशी आलेला मका आणि सरकीची पेंड दोन्ही टाळा. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर, मेमध्ये त्याहून जास्त. टँकरवर जगणाऱ्या गावात हा हिशेब आधी मांडा.

आमच्या ओळखीच्या एका गुत्तेदारानं मुलाच्या लग्नासाठी असा घोडा आणला. डीजे सुरू झाला तसा घोडा उधळला, नवरदेवाचा हात मोडला, आणि दोन महिन्यांत घोडा तिसऱ्या माणसाच्या दारात. रेसमध्ये त्याला आवाज ऐकला की पळ, एवढंच शिकवलेलं होतं. बिचाऱ्यानं तेवढंच केलं.

घ्यायचाच असेल तर स्वतः रोज बसणारे असाल, पुन्हा शिकवायला सहा महिने देणार असाल आणि घोड्याचं कळणारा पशुवैद्य जवळ असेल तरच घ्या. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, आधी तिथं विचारा. नुसता घोडा हवा असेल तर भीमथडीच्या वळणाचा दणकट तट्टू बघा. दख्खनच्या दगडात आणि दुष्काळात टिकलेली ती जात, आता तिची अधिकृत नोंदही झाली आहे.

रेसवाल्यांबद्दल आमची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. घोडा जन्मला की त्याची चिप, पासपोर्ट, बापाची सात पिढ्यांची नोंद. तो रेसमधून निघाला की पुढं कुठं गेला, याचा मागमूस लागत नाही.

१३. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, ४२ किलो वजन. जॉकी होईल का?

वजन बरोबर आहे, पण ते तसंच राहील का? वडील-मामा किती उंच आहेत ते बघा. क्लबकडं शिकाऊ जॉकींना शिकवण्याची सोय असते. नवख्या जॉकीला वजनात सूट मिळते आणि तो जिंकत जाईल तशी ती काढून घेतात. शामू चव्हाण, पांडू खाडे ही मराठी नावं एके काळी महालक्ष्मीवर गाजली, त्यामुळं आपल्या पोरांना जमत नाही असं काही नाही. पण आयुष्यभर भाकरी मोजून खावी लागते, आणि पडणं हा नोकरीचाच भाग. दहावी तरी पूर्ण करू द्या.

१४. रेसच्या घोड्यांचा आणि साप चावल्यावरच्या इंजेक्शनचा काही संबंध आहे का?

आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तातून तयार करतात. पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ पासूनचा. तिथले निवृत्त घोडे अशी औषधं बनवणाऱ्या मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे. मग ही औषधं आपणच का करू नयेत, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमधल्या त्या बाटलीत कुठल्या तरी घोड्याचा वाटा असतो.

१५. वीस वर्षांनी रेस राहील का?

सिंगापूरनं १८१ वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी शेवटची रेस घेतली. मकाऊची त्याच वर्षी मार्चमध्ये संपली. त्यामुळं ‘एवढी जुनी गोष्ट बंद कशी पडेल’ हा युक्तिवाद आता चालत नाही. आमचा अंदाज असा की मुंबई-पुणे, हैदराबाद टिकतील, घोडे कमी होतील, डर्बीच्या दिवशी टोप्या-फॅशनची गर्दी वाढेल आणि गुरुवारी स्टँड ओस पडेल. आमच्यातले दोघे याहून निराश आहेत.

१६. एक रुपयाही न लावता रेस बघायला गेलं तर हाकलतात का?

अजिबात नाही. प्रवेशाचं तिकीट काढा आणि आत जा. रेसच्या आधी घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे लोकांना दाखवायच्या रिंगणात फिरवतात, तिथं आधीच जाऊन कठड्याला टेकून उभे राहा. कान पुढं आहेत का, मागच्या मांड्यांमध्ये फेस आलाय का, सईसाला ओढतोय की त्याच्याबरोबर चालतोय, हे बघा. मग स्टँडवर न जाता शेवटच्या दोनशे मीटरच्या कुंपणाशी जा. टापांचा आवाज तिथं कानाआधी पायाला कळतो. आमच्यातल्या एकाची आई अशी एकदाच मलकपेठेला आली होती. तिनं सगळ्यात मागं पडलेला घोडा निवडला आणि तो रेषेपर्यंत पोचेस्तोवर टाळ्या वाजवत राहिली.